डेट-टाइम लायब्ररीत युनिट्स कशी मांडायची? महिना ३० दिवसांचा धरू का ३०.४४?

प्रश्न थोडक्यात असा आहे, की तुम्ही टीमसाठी छोटी डेट-टाइम लायब्ररी लिहिताय, त्यात युनिट नावाचा एक इनम (ठरावीक नावांची यादी असलेला टाइप) आहे, नॅनोसेकंदापासून वर्षापर्यंत सगळे मेंबर एका रांगेत, आणि प्रत्येकाला ‘इतके सेकंद’ असा गुणक लावलाय, म्हणजे मिनिट ६०, तास ३६००, दिवस ८६४००, आणि महिन्यापाशी येऊन गाडी अडलीये. ३० दिवस धरू का ३०.४४ एवढंच विचारलंय. माझं उत्तर, दोन्ही नको. तुम्ही विचारताय आकड्याबद्दल पण घोळ आहे त्या एकाच टेबलमध्ये. आणि तो घोळ तुमच्या टेबलमध्ये आत्ताच दिसतोय बघा, महिना ३० दिवस आणि वर्ष ३६५ दिवस लिहिलंय, म्हणजे १२ महिने झाले ३६० दिवस, आणि युजरने एक वर्ष मिळवलं का बारा महिने मिळवले यावर उत्तरात ५ दिवसांचा फरक. ३०.४४ केलं तर हा फरक जवळजवळ जाईल पण मग ३१ मार्चला सकाळी ९ वाजता एक महिना मिळवला की भलत्याच वाजता काहीतरी येईल, ते कसं ते खाली सांगतो.

मी बरीच वर्षं शेड्युलिंग आणि बिलिंगच्या कोडमध्ये काम करतोय, आणि तारखांचे जेवढे बग बघितले त्यातले बहुतेक टाइमझोनचे वाटतात पण मुळात युनिटचे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुख्य गोष्ट अशी की युनिट्सची एक रांग नसतेच, तीन वेगळे गट असतात. पहिला गट महिन्यांचा: महिना, तिमाही म्हणजे ३ महिने, वर्ष म्हणजे १२, दशक १२०, शतक १२००. दुसरा दिवसांचा: दिवस, आठवडा म्हणजे ७ दिवस. तिसरा खऱ्या सरकलेल्या वेळेचा: तास, मिनिट, सेकंद, मिली, मायक्रो, नॅनो. गटाच्या आत सगळे रेशो पक्के आहेत, कुठल्याही तारखेला, कुठल्याही टाइमझोनमध्ये. एका गटातून दुसऱ्यात जाताना मात्र पक्का रेशो नाही, तिथे तारीख लागते किंवा तारीख अधिक टाइमझोन लागतो.

महिना आणि दिवस यांच्यात रेशो नाही हे सगळ्यांना माहीत असतं, २८ ते ३१ काहीही. पण दिवस आणि तास यांच्यातही पक्का रेशो नाही हे लोक विसरतात, कारण २४ हा आकडा डोक्यात इतका पक्का बसलाय. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ ला डेलाइट सेव्हिंगसाठी (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत) पहाटे २ वाजता घड्याळ एकदम ३ वर गेलं, तो दिवस २३ तासांचा. ९ मार्चला सकाळी ९ ला ‘एक दिवस’ मिळवला तर १० मार्च सकाळी ९ आलं पाहिजे, ‘२४ तास’ मिळवले तर सकाळी १० आलं पाहिजे, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत कारण प्रश्नच दोन वेगळे आहेत. रोजचा अलार्म असेल तर पहिलं हवं, औषधाच्या दोन डोसमधलं अंतर असेल तर दुसरं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर तर घड्याळ अर्धा तासच पुढेमागे होतं, म्हणजे तिथे वर्षातून एक दिवस साडेतेवीस तासांचा आणि एक साडेचोवीसचा. आणि सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला, गुरुवारनंतर थेट शनिवार. तुमच्या टेबलमधलं ‘दिवस म्हणजे ८६४००’ हे महिन्याच्या ३० इतकंच खोटं आहे, फक्त ते वर्षातून कमी वेळा पकडलं जातं.

पूर्ण खोलात जायचं म्हटलं तर मिनिट आणि सेकंदातही फट आहे, लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला, त्यामुळे त्या दिवशीचं शेवटचं मिनिट ६१ सेकंदांचं होतं. पर्ल भाषेचं डेटटाइम मॉड्यूल याबाबत इतकं काटेकोर आहे की त्याचा ड्युरेशन (कालावधी साठवणारा टाइप) पाच खण ठेवतो, महिने, दिवस, मिनिटं, सेकंद आणि नॅनोसेकंद. तुम्ही एवढं करू नका. बहुतेक सिस्टीमची घड्याळं लीप सेकंद एकतर गाळतात किंवा पसरवतात, आणि २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत ही पद्धत बंदच करायचं ठरवलंय. तीन गट पुरतात.

आता ३०.४४ चं. हा आकडा येतो कुठून, तर ग्रेगोरियन कॅलेंडर ४०० वर्षांनी रिपीट होतं, ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस, म्हणजे सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं, सेकंदात ३,१५,५६,९५२. त्याला १२ ने भागलं की सरासरी महिना २६,२९,७४६ सेकंद. हा आकडा तुम्हाला जावाच्या क्रोनोयुनिट या युनिट्सच्या इनममध्ये सापडेल, सी++ च्या क्रोनो लायब्ररीत सापडेल, रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कमध्ये एक महिना सेकंदात बदलला की तोच मिळेल. तेव्हा तुम्ही म्हणाल मोठ्या लायब्रऱ्या वापरतात मग मी का नको. वापरतात, पण कशासाठी ते बघा. जावामध्ये क्रोनोयुनिटला एक वेगळी मेथड आहे जी सांगते की हा कालावधी अंदाजे आहे का पक्का, आणि महिना, वर्ष सोडाच, दिवसालासुद्धा ती ‘अंदाजे’ म्हणते. ड्युरेशनमध्ये महिना घालायला गेलात तर सरळ एक्सेप्शन. म्हणजे आकडा आहे, पण तारखेच्या गणितात तो येऊ दिलेला नाही. (दिवस मात्र ड्युरेशनमध्ये २४ तासांचा म्हणून घेतात, ही त्यांनी केलेली तडजोड, मला फारशी आवडत नाही.)

सी++ मध्ये मात्र ती भिंत नाही, आणि हे उदाहरण मी नेहमी देतो. सी++ २० ने क्रोनोमध्ये दिवस, आठवडे, महिने, वर्षं सगळी ड्युरेशन म्हणून आणली, म्हणजे आतून सगळी सेकंदांच्या रेशोवर. ‘आत्ता अधिक एक महिना’ असं सिस्टीम क्लॉकवर लिहिलं तर बिनबोभाट कंपाइल होतं आणि ३० दिवस १० तास २९ मिनिटं ६ सेकंद पुढचा क्षण मिळतो. त्याहून गंमत म्हणजे दिवसांच्या आणि महिन्यांच्या ड्युरेशनची बेरीज केली की कंपायलर दोघांचा सामाईक टिक (दोन्ही ज्यात पूर्ण मोजता येतील असं युनिट) शोधतो, आणि तो निघतो ५४ सेकंदांचा, कारण ८६,४०० आणि २६,२९,७४६ यांचा मसावि ५४. चोपन्न सेकंदांचं युनिट, जे आजवर कोणी मागितलं नसेल. तोच महिना वर्ष-महिना-दिवस या टाइपमध्ये मिळवला तर मात्र कॅलेंडरचं बरोबर गणित होतं. म्हणजे एकच ‘एक महिना’, डाव्या बाजूला काय आहे त्यावर अर्थ वेगळा. ज्यांनी ते डिझाइन केलं त्यांना हे पक्कं माहीत होतं, पण वापरणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही ना.

सरासरी आकड्याचा खरा उपयोग एकच, माणसाला दाखवताना: ‘सुमारे ३ महिन्यांपूर्वी’ असं लिहायचं असेल तेव्हा कुठलं युनिट निवडायचं ते ठरवायला. लायब्ररीत ठेवायचाच असेल तर वेगळ्या मेथडमध्ये ठेवा आणि नावातच ‘अंदाजे’ घाला.

मग युनिटचा टाइप कसा करायचा. फ्लॅट इनम ऐवजी टॅग्ड युनियन किंवा सील्ड क्लास करा, म्हणजे ठरावीक फांद्यांपैकी नेमकी एक असणारा टाइप, तीन फांद्या: महिना-आधारित ज्याच्या आत फक्त ‘किती महिने’ हा पूर्णांक, दिवस-आधारित ज्याच्या आत ‘किती दिवस’, आणि वेळ-आधारित ज्याच्या आत ‘किती नॅनोसेकंद’. मग आठवडा हा वेगळा मेंबर राहत नाही, तो दिवस-आधारित ७ असतो, तिमाही महिना-आधारित ३, शतक महिना-आधारित १२००. युजरला पंधरवड्याचं रिपोर्टिंग हवं असेल तर तो दिवस-आधारित १४ स्वतः बनवेल, तुम्हाला इनममध्ये भर घालायला नको. हे मी शोधून काढलेलं नाही, कोटलिन भाषेच्या कोटलिनएक्स-डेटटाइम लायब्ररीत डेटटाइमयुनिट नेमकं असंच आहे, आणि माझ्या मते आत्ता उपलब्ध असलेल्यांत ते सगळ्यात स्वच्छ डिझाइन आहे. तिथे इन्स्टंटमध्ये (एक नेमका क्षण साठवणारा टाइप) दिवस किंवा महिना मिळवायचा तर टाइमझोन द्यावाच लागतो, सेकंद मिळवताना लागत नाही, आणि हे फंक्शनच्या सिग्नेचरमध्येच आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये बारीक अक्षरात नाही.

तुमची भाषा अशी फांदी देत नसेल तर इनम ठेवा पण त्याला ‘गट’ आणि ‘गटातला गुणक’ अशा दोन प्रॉपर्टी द्या. ‘सेकंद’ ही प्रॉपर्टी देऊ नका, दिलीत की कोणीतरी वापरणारच.

युनिट झालं, आता रक्कम, म्हणजे ‘२ महिने ३ दिवस ४ तास’ हे साठवायचं कसं. इथेही तोच हिशोब, तीन खण. पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसचा इंटरव्हल (कालावधीचा टाइप) १६ बाइटचा असतो आणि त्यात महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद असे तीन वेगळे पूर्णांक असतात, ही मांडणी खूप टिकली आहे. एसक्यूएल स्टँडर्डने तर इंटरव्हलचे दोन वेगळे कुळंच केलेत, वर्ष-महिना आणि दिवस-सेकंद, ओरॅकलमध्ये ते दोन स्वतंत्र टाइप आहेत आणि एकमेकांत मिसळता येत नाहीत. जावाने ड्युरेशन आणि पिरियड असे दोन टाइप केले, पिरियडमध्ये वर्ष, महिने, दिवस, ड्युरेशनमध्ये सेकंद आणि नॅनो. कुठलंही घ्या, फक्त नियम एक पाळा, की नॉर्मलाइज गटाच्या आतच करायचं. १४ महिन्यांचे १ वर्ष २ महिने करा खुशाल, ९० मिनिटांचा दीड तास करा, पण ४५ दिवसांचे ‘१ महिना १५ दिवस’ आपणहून करू नका आणि ३६ तासांचा ‘दीड दिवस’ही नको. कोणाला हवंच असेल तर त्याने संदर्भाची तारीख द्यावी. जावास्क्रिप्टच्या टेम्पोरल या नव्या डेट-टाइम एपीआयमध्ये असंच आहे, ड्युरेशन महिन्यांपर्यंत बॅलन्स करायचा असेल तर ‘कशाच्या सापेक्ष’ ते सांगावं लागतं, नाही सांगितलं तर एरर.

तुलनेचं काय, हा प्रश्न यानंतर दोन दिवसांत येतोच कारण कोणीतरी सॉर्ट करायला जातं. १ महिना मोठा का ३० दिवस? पोस्टग्रेमध्ये विचारून बघा, तो म्हणतो दोन्ही समान, कारण तुलनेपुरता तो महिना ३० दिवसांचा आणि दिवस २४ तासांचा धरतो. डेटाबेसला इंडेक्स करायचा असतो, त्याला कुठलातरी क्रम लागतोच, म्हणून मी त्याला माफ करतो. लायब्ररीला असं कारण नाहीये. एक्सएमएल स्कीमाने, म्हणजे एक्सएमएल डेटाचे टाइप ठरवणाऱ्या स्टँडर्डने, प्रामाणिक उत्तर दिलंय, तिथे ड्युरेशनला पूर्ण क्रम नाहीच, एक महिना आणि तीस दिवस यांची तुलना ‘अनिश्चित’. तुम्ही इक्वल्स खणवार करा, तिन्ही खण सारखे तर समान, आणि लहान-मोठं ठरवणारी मेथड देऊच नका, त्याऐवजी एक फंक्शन द्या ज्यात सुरुवातीची तारीख येते आणि दोन्ही रकमा तिच्यात मिळवून बघितल्या जातात. १ फेब्रुवारीपासून मोजलं तर ३० दिवस मोठे, १ जानेवारीपासून मोजलं तर महिना मोठा.

मिळवण्याचा क्रम: आधी महिने, मग ती तारीख त्या महिन्यात नसेल तर महिनाअखेरीला आणायची, मग दिवस, मग टाइमझोन लावून क्षण काढायचा आणि त्यात तास-मिनिटं. हा क्रम बदलला की उत्तर बदलतं, म्हणून तो डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवा. ३० जानेवारी २०२३ मध्ये ‘१ महिना १ दिवस’ मिळवा: महिना आधी तर २८ फेब्रुवारी आणि मग १ मार्च. दिवस आधी तर ३१ जानेवारी आणि मग २८ फेब्रुवारी.

महिनाअखेर हा तर वेगळाच खजिना आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर काय? जावा, डॉटनेट म्हणतात फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. गो भाषा म्हणते ३१ फेब्रुवारी म्हणजे फेब्रुवारी संपून पुढे तीन दिवस, ३ मार्च, लीप वर्षात २ मार्च, आणि जावास्क्रिप्टचा जुना डेट पण हेच करतो. सी++ चा वर्ष-महिना-दिवस टाइप तर तुम्हाला ३१ फेब्रुवारीच हातात देतो, आणि ती तारीख वैध आहे का ते तुम्ही स्वतः विचारायचं. टेम्पोरलमध्ये ऑप्शन आहे, शेवटच्या दिवसावर आण किंवा एरर दे. पर्लमध्ये तीन मोड, पुढे वाहू दे, थांबव, किंवा महिनाअखेर जप, म्हणजे २८ फेब्रुवारीत महिना मिळवला तर ३१ मार्च. यातलं एकच बरोबर असं काही नाही, पण डिफॉल्ट म्हणून शेवटच्या दिवसावर आणणं बहुतेकांच्या अपेक्षेला धरून आहे. गोसारखं पुढे वाहू देणं मला तरी धोक्याचं वाटतं, फेब्रुवारीचं बिल मार्चमध्ये पडतं आणि फेब्रुवारी कोरा राहतो.

आणि डिफॉल्ट काहीही ठेवलं तरी महिन्यांची बेरीज साध्या संख्यांसारखी वागत नाही हे टीमला सांगून ठेवा. शेवटच्या दिवसावर आणलं तर साध्या वर्षात ३१ जानेवारी अधिक १ महिना अधिक १ महिना = २८ मार्च. ३१ जानेवारी अधिक २ महिने = ३१ मार्च. ३१ मार्चमधून महिना वजा करून परत मिळवला तर २८ मार्च. मी ज्या सबस्क्रिप्शन सिस्टीमवर काम केलं तिथे पुढची तारीख मागच्या तारखेवरून काढायचे, त्यामुळे ३१ तारखेला आलेले सगळे ग्राहक फेब्रुवारी ओलांडला की कायमचे २८ तारखेचे झाले, आणि हळूहळू २८ ला सर्व्हरवर लोड वाढायला लागला तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं. उपाय लायब्ररीतच द्या, एक फंक्शन जे मूळ तारीख, युनिट आणि एन (कितवी तारीख हवी तो आकडा) घेतं आणि एनवी तारीख मूळ तारखेवरूनच काढतं. हे फंक्शन असलं की लोक लूपमध्ये एकेक महिना मिळवत बसत नाहीत.

दोन तारखांमधलं अंतर काढायचं फंक्शन हे बेरजेचं उलट आहे असंही समजू नका. जावामध्ये ३१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी यात किती पूर्ण महिने असं विचारलं तर उत्तर शून्य येतं, पण ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर २८ फेब्रुवारीच येतं. हा बग नाही, दोन वेगळ्या व्याख्या आहेत, आणि युजर यावर बग रिपोर्ट टाकणार हे नक्की, तेव्हा डॉक्युमेंटेशनमध्ये हेच उदाहरण आधीच घालून ठेवा.

तुमच्या कोडमध्ये अजून एक गोष्ट दिसली जी तुम्ही विचारलेली नाही पण सांगतो. तुमच्या इनममध्ये ‘दिवस’ आहे आणि ‘आठवड्यातला वार’ पण आहे. हे दोन वेगळ्या जातीचे आहेत. दिवस हे युनिट, म्हणजे मोजायची रक्कम, कितीही असू शकते, उणेही असू शकते. वार हे फील्ड, म्हणजे मोठ्या युनिटच्या आतली जागा, त्याला १ ते ७ अशी मर्यादा आहे. जावाच्या जुन्या कॅलेंडर क्लासने ही गल्लत केली होती, तिथे सगळे नुसते पूर्णांक कॉन्स्टंट, त्यामुळे महिन्यातला दिवस, वर्षातला दिवस, वार, यांपैकी कशातही १ ‘मिळवला’ तरी तारीख एकने पुढे, आणि त्या जागी कुठलाही भलताच पूर्णांक दिला तरी कंपायलर गप्प. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली, नवीन एपीआय आला तेव्हा क्रोनोयुनिट आणि क्रोनोफील्ड असे दोन स्वतंत्र इनम केले. त्यातली एक कल्पना मला फार आवडते, प्रत्येक फील्ड दोन युनिट्सच्या जोडीने सांगितलं जातं, पायाचं युनिट आणि व्याप्तीचं युनिट. महिन्यातला दिवस म्हणजे पाया दिवस, व्याप्ती महिना. वर्षातला दिवस म्हणजे पाया दिवस, व्याप्ती वर्ष. वार म्हणजे पाया दिवस, व्याप्ती आठवडा. सकाळ-संध्याकाळ म्हणजे पाया अर्धा दिवस, व्याप्ती दिवस. युनिट्स नीट केली की फील्ड अशी आपोआप रचता येतात.

पायथनच्या डेटयुटिल लायब्ररीतला रिलेटिव्हडेल्टा वापरला असेल तर हे माहीत असेल, तिथे आर्ग्युमेंट एकवचनी ‘मंथ’ दिलं तर महिना त्या आकड्यावर सेट होतो आणि अनेकवचनी ‘मंथ्स’ दिलं तर तेवढे महिने मिळवले जातात. एक अक्षर कमी पडलं आणि ‘पुढच्या महिन्यात’ ऐवजी ‘जानेवारीत’, आणि एरर वगैरे काही नाही. फील्ड आणि युनिट एकाच फंक्शनमधून घेतले की हे होणारच.

आठवड्याबद्दल एकच सावधगिरी. युनिट म्हणून आठवडा सोपा आहे, सात दिवस. फील्ड म्हणून मात्र ‘वर्षातला कितवा आठवडा’ हे आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) प्रमाणे आठवड्याच्या वर्षाला धरून असतं, आणि ते वर्ष नेहमीच्या वर्षाशी जुळेलच असं नाही: ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतो. फॉरमॅटमध्ये लहान वायच्या (नेहमीचं वर्ष) जागी मोठा वाय (आठवड्याचं वर्ष) टाकल्याने डिसेंबरच्या शेवटी पुढचं वर्ष छापलं जातं तो प्रसिद्ध बग हाच.

स्ट्रिंगमध्ये युनिट घ्यायचं का, तुम्ही एकअक्षरी कोड ठेवलेत. नको. पायथनच्या नमपाय लायब्ररीत मोठा एम म्हणजे महिना आणि लहान एम म्हणजे मिनिट, जावास्क्रिप्टच्या मोमेंट जेएसमध्येही तेच, कोणी कॉन्फिगमधली स्ट्रिंग लोअरकेस केली की महिन्याचं मिनिट झालं. आयएसओ ८६०१ मध्ये तर अक्षर तेच, फक्त टीच्या आधी आहे का नंतर यावर अर्थ, पी१एम म्हणजे एक महिना आणि पीटी१एम म्हणजे एक मिनिट. पायथनच्याच पांडास लायब्ररीने इतक्या वर्षांनी २.२ मध्ये महिनाअखेरीचा मोठा एम मोडीत काढायला घेतला आणि एमई आणला, मिनिटांसाठी टीऐवजी ‘मिन’ लिहायला सांगितलं. पूर्ण शब्द घ्या. आयएसओ स्ट्रिंग पार्स करायची असेल तर तिचा वेगळा पार्सर. एक मात्र नमपायकडून उचला: तिथे टाइमडेल्टा वर्ष किंवा महिन्याच्या युनिटमध्ये असेल तर तो दिवसांत बदलायला एरवी नकार मिळतो, मुद्दाम जबरदस्तीने कास्ट केलं तरच होतं. युनिट्स बरीच आहेत, अॅटोसेकंदापर्यंत, पण महिना आणि दिवस यांच्यामधली भिंत बरोबर जागी आहे.

नुसता पूर्णांक कुठेही घेऊ नका हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण गोमध्ये स्लीपला १० दिलं तर ते १० नॅनोसेकंद होतात आणि हे नवीन माणूस हमखास करतो, कारण तिथला ड्युरेशन म्हणजे आतून नॅनोसेकंदांचा एक ६४ बिट पूर्णांक आहे आणि टाइप नसलेला कॉन्स्टंट त्यात सरळ बसतो. त्याच गोने एक गोष्ट मात्र छान केलीये, ड्युरेशनचे कॉन्स्टंट तासावर थांबतात, दिवस नाहीच. लोक वर्षानुवर्षं मागताहेत आणि ते देत नाहीत, कारण वर दिलंय तेच.

आता इन्स्टंटला कुठली युनिट्स चालतील. जावाचा इन्स्टंट महिना मिळवायला गेलं की रनटाइमला एक्सेप्शन देतो, पण दिवस २४ तासांचा म्हणून गुपचूप घेतो. टेम्पोरलचा इन्स्टंट दिवसालाही नकार देतो. मी टेम्पोरलच्या बाजूने. आणि पायथनमध्ये उलटाच सापळा आहे, टाइमडेल्टाला १ दिवस आणि २४ तास यातला फरक कळतच नाही, आत दिवस, सेकंद, मायक्रोसेकंद असे खण असले तरी २४ तास दिले की त्याचा १ दिवस होतो, आणि झोन असलेल्या डेटटाइममध्ये मिळवला की गणित भिंतीवरच्या घड्याळाचं होतं. म्हणजे वरच्या न्यूयॉर्कच्या उदाहरणात २४ तास मिळवूनही सकाळी ९ च येतं, जरी खरे २३ तासच गेलेले असले तरी. खरं अंतर हवं असेल तर यूटीसीत (घड्याळ मागेपुढे न होणारी जागतिक प्रमाणवेळ) नेऊन मिळवायचं.

पायथनचं अजून एक, उणे एक मायक्रोसेकंद आत साठवला जातो तो उणे १ दिवस, ८६,३९९ सेकंद आणि ९,९९,९९९ मायक्रोसेकंद असा. एखाद्याने नुसता सेकंदांचा अॅट्रिब्यूट वाचला की गेला कामातून, एकूण सेकंदांची वेगळी मेथड आहे. डॉटनेटच्या टाइमस्पॅनमध्येही ‘मिलिसेकंद’ आणि ‘एकूण मिलिसेकंद’ असा फरक आहे आणि तिथेही लोक पहिलंच वापरतात, कारण ऑटोकम्प्लीटमध्ये ते आधी दिसतं. तुम्ही खण वाचायची मेथड आणि एकूण काढायची मेथड यांची नावं लांबून ओळखू येतील इतकी वेगळी ठेवा.

रेंजचं पटकन सांगतो. ६४ बिटमध्ये नॅनोसेकंद ठेवले तर दोन्ही बाजूंना साधारण २९२ वर्षं मिळतात. टाइमआउटला चिक्कार, पण तारखांना नाही: १९७० पासून मोजणाऱ्या पांडासच्या नॅनोसेकंदवाल्या टाइमस्टॅम्पची हद्द १६७७ ते २२६२ आहे, आणि ‘कधीच संपत नाही’ म्हणून ९९९९ साल भरणारा डेटा आला की तिथे आपटतो. जावा आणि रस्टसारखे सेकंद वेगळे आणि नॅनो वेगळे ठेवा, थोडी जागा जास्त जाते, जाऊ दे.

शेवटी तुमच्या आत्ताच्या कोडचं. ‘सेकंद’ ही प्रॉपर्टी आधी डेप्रिकेट करा, म्हणजे ‘आता वापरू नका’ अशी खूण लावा, वॉर्निंग येतील तिथे तिथे बघा की त्या जागी नक्की कुठला गट हवा होता, माझा अंदाज आहे निम्म्या ठिकाणी फक्त टाइमआउट असतील आणि ते निमूट वेळ-आधारित होऊन जातील. उरलेल्या ठिकाणी, जिथे दिवस आणि महिने आहेत, तिथे टाइमझोन कुठून आणायचा हा प्रश्न पडेल आणि बऱ्याचदा असं दिसेल की तो तिथपर्यंत कोणी पोचवलेलाच नाही, त्याला वेळ लागेल. टेस्टमध्ये किमान हे घाला: ३१ जानेवारी लीप आणि साध्या वर्षात, २९ फेब्रुवारी अधिक १ वर्ष, न्यूयॉर्कचा मार्चमधला २३ तासांचा आणि नोव्हेंबरमधला २५ तासांचा दिवस दोन्ही गटांनी, सामोआचा २९ डिसेंबर २०११ अधिक १ दिवस, ३१ मार्च वजा १ महिना अधिक १ महिना, आणि १ वर्ष म्हणजे १२ महिनेच आहेत का ते. तुमच्या आत्ताच्या टेबलवर यातली शेवटची टेस्ट आधी चालवून बघा, ती लगेच फेल होईल, आणि टीमला हा बदल का करायचा ते पटवायला तेवढं पुरेल.